पाठ टेकलेला माणूस

त्याला डोळ्यांनी पाहायच्या आधी वर्षभर मी त्याला खळ लावून चिकटवत होते. खोटं नाही सांगत. आमच्या गावात, मूलच्या अलीकडे, एका ठेकेदाराचा विडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांब पडवी आणि मागे भट्टी. गावातल्या बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या, तेंदूची पानं कापायच्या आणि विड्या वळायच्या. माझा हात नीटस, म्हणून भट्टीतून शेकून आलेल्या विड्यांच्या जुड्यांवर, म्हणजे कट्ट्यांवर, कागद गुंडाळून लेबल लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या लेबलावर तो होता. बॉक्सर छाप विडी!

ज्या चिताऱ्यानं ते लेबल काढलं त्यानं बॉक्सिंगचे हातमोजे जन्मात पाहिले नसावेत. बिचाऱ्यानं त्याच्या दोन्ही हातांत दोन लाल भोपळे दिले होते. आणि मिशा! पहिलवान म्हटला की मिशा हव्यातच, असा हिशेब करून त्यानं ओठांपासून थेट कानांपर्यंत मिशा ओढल्या होत्या. आम्ही बायका त्यावरून इतक्या हसायचो की ठेकेदार भट्टीकडून ओरडायचा. पण हसता हसताही मी ते लेबल कधी वाकडं लावलं नाही, हे मात्र सांगून ठेवते.

हा माणूस बल्लारपूरच्या कोळसा खाणीत कामाला होता. रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या ड्रायव्हरनं त्याला बॉक्सिंग शिकवलं, इंजिनाच्या शेडमागे, पोत्यात रेती भरून. मग त्यानं नागपुरात लष्करातल्या एका भल्या दांडग्याला लोळवलं, आणि आमच्या चांदा जिल्ह्याला वेड लागलं. ज्यांना बॉक्सिंग कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं, त्यांच्याही तोंडी तोच. आठवडी बाजारातला न्हावी 'बॉक्सर कटिंग' करायचा, म्हणजे नेहमीचीच कटिंग, फक्त मागून जरा जास्त वर. शंकरपटात धावणाऱ्या एका बैलाला त्याचं नाव दिलं होतं. वरोऱ्याच्या कापूस बाजारात एका दलालानं गादीवर त्याचा फोटो लावला होता, आणि त्याला उदबत्ती ओवाळताना आमच्या मामानं स्वतः पाहिलं होतं. पोरींनी त्याला भुलाबाईच्या गाण्यातही घुसवलं. आणि त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं! खाणीवर कोणीतरी त्याला विडी देऊ केली, तेव्हा कट्ट्यावर आपलंच तोंड आहे हे त्याला कळलं. तो विडी ओढतच नव्हता.

अशा माणसाचं स्थळ मला आलं. माझी मावशी बल्लारपूरला खाणीच्या चाळीत राहायची, तिच्या शेजारीच त्याची आई. मूळ गाव आमच्याच बाजूचं, नात्यात बसणारं. मावशीनं निरोप धाडला आणि पडवीत एकच गोंधळ. बायकांनी मला चिडवून चिडवून नको केलं. "अव, मिशा कापून घे म्हणा पहिले, नाईतर पोळी कुठून जाईन!"

पाहायला आला तेव्हा अख्खं गाव आमच्या अंगणात. आणि त्यांच्यासमोरून एक मध्यम उंचीचा, सडपातळ, दाढी-मिशी तुळतुळीत काढलेला माणूस आत येऊन बसला, तरी लोक मागे वाकून वाटेकडेच पाहत होते. "बॉक्सर कुठी आहे जी?" असं आमच्या शेजारच्या काकानं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "येऊन राह्यला असन." मला पोह्यांचं ताट धरून हसू आवरेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोही हसला. माझं तिथंच ठरलं. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, आणि ते मी माईला, माझ्या आईला, त्याच संध्याकाळी स्वच्छ सांगितलं. त्या काळात पोरी असं बोलत नसत म्हणतात. मी बोलले.

अडचण माझे बाबा. बाबा गावच्या आखाड्याचे वस्ताद. खांद्यावर शेला, कान कुस्तीनं चुरगळलेले, आणि बोलणं मोजून. लेबल त्यांनीही पाहिलं होतं, कौतुकही ऐकलं होतं. पण बाबा लोकांच्या तोंडावर जाणारे नव्हते. ते म्हणाले, "माणूस मले बसून नाई कळत. त्याले लढताना पाहू दे." दिवाळी झाली की बल्लारपूरला त्याची लढत होती, नागपूरच्या एका बॉक्सरशी. ती पाहून बाबा होकार देणार होते.

मी आधीच मावशीकडे जाऊन राहिले. बाबा आणि त्यांच्यासोबत गावातले झाडून सगळे बाप्ये लढतीच्या दिवशी आले, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं चांद्यापर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं. कागद कारखान्याच्या शेजारच्या मैदानात फळ्यांचा उंच ओटा बांधला होता, चार कोपऱ्यांना चार खांब, भोवती दोर. खाणीतली, कारखान्यातली माणसं मावत नव्हती. आम्ही बायका मागे कागदासाठी जंगलातून आणलेल्या बांबूंच्या गंजीवर चढून बसलो. तिथून सगळं लख्ख दिसायचं. आमचं गावही दिसत होतं, ओट्याच्या अगदी पुढ्यात, मधोमध बाबांचा पांढरा शेला.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत नागपूरवाल्याचा ठोसा असा बसला की माझा बॉक्सर उताणा फळ्यांवर आडवा. सपाट. दोन्ही खांदे, पूर्ण पाठ. पंच वाकून एक ते दहा मोजू लागला.

आणि मी काय पाहावं? बाबा उठले. शेला झटकला. त्यांच्यासोबत अख्खं गाव उठलं आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चाललं.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं गाव दगाबाज. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. मग तो कितीही मोठा पहिलवान असो. आणि आमच्या आखाड्याची रीत अशी की चित झालेल्या माणसाकडे टक लावून पाहायचं नाही. त्याला उठायला, अंग झाडायला, डोळे पुसायला एकांत द्यायचा. तेव्हा बाबांनी त्याला सोडलं नव्हतं, त्याची अब्रू राखली होती! फक्त तो उठणार आहे, आणि उठलेलं चालतं, हे त्यांच्या कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मी बांबूंवर उभी राहून "बाबा! बाबा!" म्हणून बोंबलले. मैदानातल्या त्या कल्लोळात माझं कोण ऐकतो.

मोजणी संपायच्या आत तो गुडघ्यावर आला, मग उभा राहिला. डोकं हलवलं. पुढच्या फेरीत त्यानं त्या नागपूरवाल्याच्या पोटात एक आणि हनुवटीवर एक असे ठोसे दिले की तो बसला तो मोजणी संपली तरी बसूनच. खाणीतल्या लोकांनी माझ्या बॉक्सरला खांद्यावर घेतलं. मावशी माझ्या गळ्यात पडून रडत होती. आमचं गाव तोवर स्टेशनवर पोचलं असेल.

मी मावशीच्या यजमानांसोबत दुसऱ्या दिवशी घरी आले तर घरात सुतक पडल्यासारखं. माई माझ्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावू लागली. "जाऊ दे व पोरी, दुसरं स्थळ पाहू."

"कायले दुसरं? तो जिंकला!"

बाबा पडवीत बसले होते. हळूच म्हणाले, "पाठ टेकली ना त्याची?"

"हाव, टेकली, पण..."

"मग झालं तर. मी या डोळ्यानं पाह्यलं."

"तुमी अर्धंच पाह्यलं बाबा! तो उठला ना मंग. त्यानं मारलं ना त्याले."

"चित झाल्यावर उठून मारते तो पहिलवान नाई," बाबा म्हणाले. "तो बेइमान."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, तिकडे तसंच असते, पंच मोजतो, मोजणीच्या आत उठलं की चालते. बाबांनी असं पाहिलं जसं मी सांगतेय की तिकडे सूर्य पश्चिमेला उगवतो. मावशीच्या यजमानांनी समजावलं, तेही बाबांना पटेना. हे खाणीतले, त्यांच्याच चाळीतल्या माणसाची बाजू घेणार, असं त्यांनी धरलं. आणि साक्षीला अख्खं गाव होतं. ज्याला विचारावं तो म्हणे, आमी स्वतः पाह्यली ना, पाठ टेकली. मी एकटी पोर, बांबूंवर बसलेली. माझं कोण धरणार?

त्या आठवड्यात जे झालं ते मला अजून सहन होत नाही. आसपासच्या गावांत बोभाटा झाला की बॉक्सर हरला. न्हाव्यानं कटिंगचं नाव बदललं. बैलाचंही बदललं म्हणे, बैलाला काय फरक पडला कोण जाणे. आणि ठेकेदारानं नवी लेबलं आणून माझ्यापुढे टाकली. मोर छाप. "चित झालेल्याच्या नावाची विडी कोण ओढन?" म्हणाला. मी म्हणाले, माझे हात दुखून राह्यले, आणि खळीचा वाडगा खाली ठेवून घरी निघून आले. काल ज्याला उदबत्ती ओवाळली त्याला आज कचऱ्यात टाकता, लाज नाही वाटत? असं मी पडवीत सगळ्यांसमोर बोलले. बायका खाली मान घालून पानं कापत राहिल्या.

रडले का? रडले. गोठ्यात जाऊन, पोटभर. मला राग त्याच्या हरण्याचा नव्हता, तो हरलाच नव्हता. माझं लग्न एका अर्धवट पाहिलेल्या लढतीवर मोडत होतं आणि मला ते मोडू द्यायचं नव्हतं. मग तोंड धुतलं आणि मावशीकडे निरोप पाठवला: आमच्या गावची मंडई आहे, पाहुण्यांना घेऊन ये. पाहुणे कोण ते मी सांगितलं नाही, मावशीला कळलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, भर दुपारी चौकात दंडार होते. दंडार म्हणजे आमचं झाडीपट्टीतलं नाटक, नाच-गाणं आणि गावातल्या ताज्या गोष्टींची टर उडवणं. त्या वर्षी ताजी गोष्ट एकच होती. एक गडी हातांना दोन भोपळे बांधून, कानापर्यंत काजळाच्या मिशा काढून आला. दुसऱ्यानं त्याला नुसती फुंकर मारली. हा धाडकन उताणा! वर पाय झाडतोय. लोक हसून हसून लोळले.

मी बायकांत उभी होते. समोर गर्दीत पाहते तर मावशी, आणि तिच्या बाजूला सदरा-टोपीत तो. कोणी ओळखलं नव्हतं. मला वाटलं धरणी दुभंगावी. माझ्या निरोपावर आला आणि हे पाहायला मिळालं! पण तो हसत होता. मनापासून, खदाखदा. भोपळेवाला परत पडला तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या.

तो हसला म्हणून मी गप्प राहणार होते का? मी तिथूनच ओरडले, "अरे, पुढचं दाखवा ना! तो उठला ते काऊन दाखवत नाई?"

ढोलकी थांबली. सगळ्या माना माझ्याकडे. बाबा गावच्या पंचांच्या बाजूला खाटेवर बसले होते, त्यांचा चेहरा लालबुंद. आणि तेवढ्यात तो गर्दीतून पुढे आला, टोपी काढली, आणि बाबांना वाकून नमस्कार केला. लोकांना आता कळलं कोण ते. कुजबुज सुरू झाली.

"तू इथी कायले आला?" बाबा म्हणाले.

"मंडई पाहाले आलो, बाबा. त्या दिवशी तुमी लवकर निघाले. मले वाटलं गाडी चुकत असन."

कोणीतरी फस्सकन हसलं. बाबा हसले नाहीत. "पाठ टेकली होती ना तुझी?"

"हाव. टेकली."

"मग?"

"मग उठलो."

एवढंच. ना सारवासारव, ना भांडण. बाबांना अशा बोलण्याची सवय नव्हती, चित झालेला माणूस त्यांनी नेहमी मान खाली घातलेलाच पाहिला होता. ते उभे राहिले. "चल, मातीत चल. बॉक्सिंग-फॉक्सिंग मले समजत नाई. माझ्या मातीत काय ते दाखव."

"मले कुस्ती येत नाई, बाबा."

"मग पडशीन."

"पडन," तो म्हणाला आणि सदऱ्याच्या गुंड्या काढू लागला.

दंडार तशीच टाकून सगळी मंडई आखाड्याकडे. बायकांना आखाड्यात मज्जाव, म्हणून आम्ही फाटकापाशी उभ्या राहिलो. बाबांनी शेला काढून मारुतीपुढे ठेवला, लंगोट कसला. पन्नाशी गाठलेली, पण मांड्या अजून सागाच्या. सलामी झाली. बाबांनी त्याचा हात धरला, वळले आणि एका झटक्यात त्याला पाठीवर आपटला. माती उडाली. लोक ओरडले, "चित!" बाबा मागे सरले आणि रीतीप्रमाणे त्यांनी तोंड फिरवलं.

पाठीमागे आवाज आला, "बाबा, मी उठलो."

बाबा वळले. तो उभा होता, केसांत माती. बाबांनी त्याला पुन्हा धरला, पुन्हा आपटला. पुन्हा तो उठला. त्यानं एकदाही मूठ वळली नाही, मी नीट पाहत होते. नुसता यायचा, पडायचा, गुडघ्यावर यायचा, उभा राहायचा. तिसऱ्यांदा बाबांनी त्याला उचलून टाकलं तेव्हा तो कळवळला. माझ्यासाठी मार खातोय, आणि मारतायत माझेच बाबा. कोणाची बाजू घेऊ? फाटकाची काठी मी इतकी घट्ट धरली की मावशीनं माझी बोटं सोडवली.

आता लोक 'चित' ओरडत नव्हते. तो पडला की ते वाट पाहायचे. भोपळेवाला गडी, काजळाच्या मिशांसकट, सगळ्यांत पुढे उभा होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "उठ ना बे, उठ!" मग आणखी एक बोलला. मग दहा. बाबांचा स्वतःचा चेला, आखाड्यातला, तोही. माझा बॉक्सर मातीत पालथा होऊन हातांवर जोर देत होता आणि अख्खी मंडई त्याला उठवत होती. बाबांनी या वेळी तोंड फिरवलं नाही. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास ओढत त्याच्याकडे पाहत राहिले. तो उठला, डोलला, आणि बाबांसमोर येऊन उभा राहिला.

बाबांनी हात पुढे केला नाही. ते मागच्या मागे मातीच्या कडेला बसले.

"हा पोट्टा ऐकत नाई," ते म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. मग इकडेतिकडे पाहून एकदम खेकसले, "अबे, तमाशा काय पाहून राह्यले? जवायाले पाणी द्या ना कोणी!"

जवाई! माझ्या कानांनी ऐकलं. मावशीनं मला चिमटा काढला, मला तोही कळला नाही. फाटकाजवळच्या रांजणातून मी तांब्या भरला आणि सरळ आत गेले. त्या मातीत आजवर बाई उतरली नव्हती. बाबांनी मला येताना पाहिलं, ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. मी पाणी आधी त्यांनाच दिलं. धाप त्यांनाच जास्त लागली होती.